आटत्या थेंबाचें माप

आमच्या एका वाचक भगिनीचें पत्र आलें आहे. त्यांची नात भौतिकशास्त्राच्या उच्च अभ्यासासाठीं युरोपांत गेली असून तिनें घरीं कळविलें कीं, "मी हल्लीं आटत जाणारे थेंब मोजतें, म्हणजे खरें तर, ते मोजायला यंत्राला शिकवितें." घरांतल्या मंडळींत त्यावरून दोन पक्ष झाले. आजोबांचें म्हणणें असें कीं, थेंब मोजणें हा कांहीं विद्येचा विषय नव्हे, आणि असलाच तरी मोजणारें यंत्र असतांना मुलीनें तेथें काय करावयाचें? काकांचें म्हणणें, सध्यां सगळ्या जगांत हेंच चाललें आहे, तेव्हां त्यांत कांहीं अर्थ असलाच पाहिजे. हा दुसरा युक्तिवाद पहिल्याहून दुबळा आहे हें आम्ही आरंभींच नमूद करतों. आजोबांच्या दोन्ही शंका मात्र खऱ्या शंका आहेत, आणि त्यांतील दुसरी तर आज पुष्कळ घरांतून ऐकूं येते. म्हणून ह्या महिन्याचें सदर आम्ही त्यांनाच देतों.

पहिल्या शंकेचें उत्तर आपल्या स्मृतिग्रंथांतच आहे. सोनें, रुपें, तांबें तोलण्याचीं मापें सांगतांना मनु आणि याज्ञवल्क्य हे दोघेही आरंभ कोठून करतात? झरोक्यांतून आलेल्या कवडशांत जो धुळीचा कण तरंगतांना दिसतो, तेथून. त्याचें नांव त्रसरेणु. आठ त्रसरेणूंची एक लिक्षा, आणि असें चढत चढत मोहरी, जव, गुंज करीत माष व सुवर्ण येथपर्यंत येतात. हा कण कोणी चिमटींत धरलेला नाहीं, कीं ताजव्यांत घातलेला नाहीं. तो दिसतो एवढ्याचसाठीं कीं, अंगावर पडलेला प्रकाश तो चोहोंकडे उधळतो. अत्यंत सूक्ष्म वस्तूला प्रकाशाच्या साक्षीनें मापांत बसवावें, ही कल्पना निदान तेवढी जुनी आहे. आधुनिक शोधकांनीं ती आमच्या स्मृतींतून उचलली असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं; तसें म्हणण्याची जी हौस आपल्याकडे आहे ती आम्हांस नाहीं.

आतां थेंब मोजून मिळवावयाचें काय? येथें ज्या थेंबांविषयीं बोलावयाचें ते मायक्रॉनांत मोजतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केंस साधारणपणें ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो. दम्याच्या रोग्यास तोंडावाटें ओढून घ्यावयाचें जें औषध देतात, त्याचे कण १ ते ५ मायक्रॉनांच्या दरम्यान असतील तर तें फुप्फुसांत खोलवर पोंचतें. त्याहून मोठे कण घशांतच चिकटतात. ज्या घरांत रात्रीं दोन वाजतां मुलाला धाप लागते आणि आई तोंडाला तो मुखवटा लावून बसते, त्या घराला हा आंकडा परका नाहीं. तिला तो ठाऊक नसला तरी तिच्या मुलाचा श्वास त्यावर अवलंबून असतो. आणि थेंब नळींतून निघून छातींत पोंचेपर्यंत तेवढाच राहत नाहीं, कोरड्या हवेंत आटतो व दमट हवेंत फुगतो, ही त्यांतली खरी अडचण.

दुसरें उदाहरण सर्वांना आठवत असेल. १९३४ सालीं विल्यम वेल्स ह्या अमेरिकन संशोधकानें असें दाखविलें कीं, खोकल्याबरोबर बाहेर उडालेल्या थेंबाच्या पडण्याची आणि वाळण्याची शर्यत लागते. सुमारें १०० मायक्रॉनांहून मोठा थेंब वाळण्यापूर्वीं जमिनीवर पडतो. लहान थेंब पडण्यापूर्वींच वाळतो, आणि त्यांतील क्षार, प्रथिनें व रोगबीज ह्यांचा उरलेला कण हवेंत तरंगत राहतो. पुढें वैद्यकाच्या व्यवहारांत ह्या शंभराच्या जागीं ५ मायक्रॉन हा आंकडा येऊन बसला. हा पांच वास्तविक फुप्फुसाच्या तळाशीं कोण पोंचतो ह्याचा आंकडा. हवेंत कोण तरंगतो ह्याचा नव्हे. परंतु दोन निराळ्या प्रश्नांचीं उत्तरें एकमेकांच्या जागीं लिहिलीं गेलीं आणि तीं कित्येक दशकें कोणी पुसलीं नाहींत. मार्च २०२० मध्यें जागतिक आरोग्य संघटनेनें कोविड हवेंतून पसरत नाहीं असें जाहीर केलें, आणि पुढें २०२१ मध्यें तिला आपलें म्हणणें बदलावें लागलें. ह्या विलंबाचीं कारणें अनेक होतीं. त्यांत ह्या आंकड्याच्या घोटाळ्याचाही वाटा होता, असें तज्ज्ञांनीं लिहून ठेविलें आहे. आपल्या घराच्या खिडक्या त्या दिवसांत उघड्या ठेवाव्या कीं बंद, हा प्रश्न शेवटीं थेंब किती मोठा आणि तो किती वेळांत आटतो ह्याच्यावरच येऊन ठेपत होता.

तिसरें उदाहरण ढगाचें. कालिदासानें मेघाचे घटक सांगतांना धूर, प्रकाश, पाणी आणि वारा हीं चार नांवें घेतलीं आहेत. धुराच्या वा धुळीच्या कणावांचून ढगाचा थेंब सहसा धरत नाहीं, हें विज्ञानाला एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत कळलें. ढगांतील थेंबाची त्रिज्या सुमारें १० मायक्रॉन. पावसाच्या चांगल्या टपोऱ्या थेंबाची १ मिलिमीटर. त्रिज्या शंभरपट, म्हणजे घनफळ दहा लक्षपट! दहा लक्ष ढगथेंब एकवटावे तेव्हां आपल्या अंगणांत एक थेंब पडतो. मध्येंच ते आटले तर ढग नुसताच डोक्यावरून निघून जातो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनें २०१२ मध्यें महाबळेश्वरास जी प्रयोगशाळा उघडली, ती ह्याच ढगांच्या अभ्यासाकरितां. पावसाळ्यांत तेथें ढग दारांतूनच आंत येतो.

असो. थेंब मोजण्याजोगा आहे हें आजोबांनीं मान्य केलें असें धरून पुढें जाऊं.

थेंब आटतो त्यालाही एक नियम आहे. त्याचा पाया मॅक्सवेलनें १८७७ मध्यें घातला. शुद्ध द्रवाचा थेंब स्थिर हवेंत असेल तर त्याच्या व्यासाचा वर्ग सारख्या वेगानें कमी होत जातो; व्यास नव्हे, व्यासाचा वर्ग. ह्याचा अर्थ जरा गणितानें पाहूं. १०० मायक्रॉन व्यासाचा थेंब जर १६ सेकंद टिकत असेल, तर त्याच हवेंत १० मायक्रॉन व्यासाचा थेंब त्याच्या शतांश वेळ, म्हणजे ०.१६ सेकंद टिकेल. तसेंच, थेंबाच्या आयुष्याचा तीन-चतुर्थांश भाग सरतो तेव्हां त्याचा व्यास निम्मा झालेला असतो. उरलेला निम्मा व्यास शेवटल्या एक-चतुर्थांशांत जातो. म्हणजे जेथें बारकाईनें पाहावयाचें, तेथेंच तो सर्वांत घाईनें नाहींसा होतो. फूटपट्टी लावीपर्यंत थांबणारी ही वस्तु नव्हे.

ह्याच अडचणीनें शिकागोच्या मिलिकनला एकदां हैराण केलें होतें. विजेचा सर्वांत लहान भार किती, हें ठरविण्याकरितां तो पाण्याचे थेंब दोन पत्र्यांमध्यें विजेच्या जोरानें अधांतरीं धरीत होता. थेंब किती मोठा, हें त्याच्या पडण्याच्या वेगावरून काढावयाचें; परंतु मोजतां मोजतांच पाणी उडून जाई आणि थेंब तो थेंब राहत नसे. १९०९ च्या सुमारास त्याच्या प्रयोगशाळेंत पाणी सोडून न आटणारें तेल वापरूं लागले, आणि पुढें ह्या कामाचा १९२३ च्या नोबेल पारितोषिकांत मोठा वाटा होता. आटणें ही त्याला अडचण होती म्हणून त्यानें ती टाळली. आजच्या शोधकांना मात्र आटणेंच पाहावयाचें आहे, त्यामुळें त्यांना ती वाट बंद.

त्यांनीं थेंब धरण्याचा पिंजरा सुधारला. वोल्फगांग पॉल ह्या जर्मन शास्त्रज्ञानें विजेची दिशा सेकंदांत अनेक वेळां उलटसुलट करून भारित कण अधांतरीं कोंडण्याची युक्ति १९५० नंतरच्या दशकांत काढली. तिच्याबद्दल त्याला १९८९ चें नोबेल पारितोषिक मिळालें. तळव्यावर काठी उभी धरणारा मुलगा तळवा सारखा हलवीत राहतो आणि काठी पडण्यापूर्वींच तिला सांवरतो, तसाच हा प्रकार. पोलंडची राजधानी वॉर्सा येथील विज्ञान अकादमीच्या भौतिकी-संस्थेंत अशा पिंजऱ्यांत एकेक थेंब धरून त्याच्या आटण्याचा अभ्यास पुष्कळ वर्षें चालू आहे. थेंबावर लेसरचा प्रकाश सोडतात. थेंबानें उधळलेला प्रकाश कॅमेऱ्यांत घेतला कीं त्यांत उजळ व काळे पट्टे दिसतात. थेंब मोठा असतांना पट्टे दाट असतात, आटत जातो तसे विरळ होतात.

कोणत्या आकाराच्या गोल थेंबानें प्रकाश कसा उधळेल, ह्याचें संपूर्ण गणित गुस्ताफ मी ह्या जर्मन प्राध्यापकानें १९०८ मध्यें प्रसिद्ध केलें. (लॉरेन्झ नांवाच्या डॅनिश गणित्यानें हेंच उत्तर १८९० मध्यें डॅनिश भाषेंत लिहून ठेविलें होतें, तें बाहेर फारसें कोणी वाचलें नाहीं. मराठींत शास्त्र लिहिणारांनीं ह्यावरून खचून जाऊं नये अशी आमची विनंती आहे.) ह्या गणितांत एक मौज आहे. विजापूरच्या गोलघुमटांत भिंतीशीं तोंड नेऊन कुजबुजलेलें पलीकडच्या टोकाला ऐकूं येतें, कारण आवाज भिंतीला बिलगून फिरतो. लंडनच्या सेंट पॉल मंदिरांतील अशाच सज्जाविषयीं १९२१ मध्यें आपल्या रामन ह्यांनींही लिहिलें होतें. थेंबाच्या पोटांत प्रकाश तसाच कडेकडेनें फेरी घालतो, आणि कांहीं नेमक्या आकारांना फेरी पुरी होऊन तो स्वतःशींच जुळतो. त्या क्षणीं प्रकाशाची तीव्रता एकदम उसळते. मायक्रॉनाच्या शतांशाएवढा फरकही ह्या उसळ्यांवरून ओळखतां येतो. थेंब आपला आकार अगदीं स्पष्ट सांगत असतो. त्याची भाषा मात्र समजली पाहिजे.

आणि भाषा समजणें हेंच अवघड आहे. त्रिज्या दिली तर पट्टे कसे पडतील हें मीच्या गणितानें काढतां येतें. पट्टे दिले तर त्रिज्या किती, हा उलट प्रश्न. दोन मोठ्या संख्यांचा गुणाकार पांचवींतला मुलगा करून दाखवील. पण नुसता गुणाकार पुढें टाकून मूळ दोन संख्या विचारल्या, तर मास्तरही घाम पुसूं लागतात. शिवाय येथें कधीं कधीं दोन निराळ्या त्रिज्यांचे पट्टे जवळ जवळ सारखे दिसतात. जुनी रीत अशी कीं, हजारों त्रिज्यांसाठीं गणित करून पट्ट्यांचें एक मोठें कोष्टक तयार ठेवावयाचें, आणि कॅमेऱ्यानें घेतलेलें प्रत्येक चित्र कोष्टकांतील प्रत्येक ओळीशीं ताडून पाहावयाचें. एका थेंबाचीं चित्रें हजारों. मग ताडण्याचा हिशोब वाचकांनींच करावा. रीत प्रामाणिक, परंतु फार सावकाश.

येथें 'मशीन लर्निंग', म्हणजे यंत्राला उदाहरणांवरून शिकविण्याची विद्या, उपयोगी पडते. तिच्या एका प्रसिद्ध प्रकारांत संगणकामध्यें हजारों आंकड्यांचें एक जाळें असतें. आरंभीं ते आंकडे वाटेल तसे धरलेले असतात. मीच्या गणितानें तयार केलेलें पट्ट्यांचें एक चित्र त्याला दाखवितात. तें कांहीं तरी त्रिज्या सांगतें. खरी त्रिज्या आपल्याला ठाऊक असतेच. जितकें उत्तर चुकलें असेल त्या मानानें आंतले आंकडे किंचित् सरकवितात, आणि दुसरें चित्र पुढें करतात. असें लक्षावधि वेळां केल्यावर न पाहिलेल्या चित्रालाही यंत्र बरोबर उत्तर देऊं लागतें, आणि तेंही निमिषांत. सराफ कसोटीवरची रेघ पाहून सोन्याचा कस सांगतो, तेव्हां तो मनांत त्रैराशिक मांडीत नाहीं. हजार रेघा पाहून त्याचा डोळा तयार झालेला असतो. ह्याला ज्ञान म्हणावें कीं संवय? आम्ही संवय म्हणतों. परंतु चांगल्या संवयीला आम्ही कमी लेखीत नाहीं.

मात्र आमचा जन्म मुलांचीं उत्तरें तपासण्यांत गेला, आणि ज्या मुलानें रीत न दाखवितां नुसतें उत्तर लिहिलें त्याला आम्ही नेहमीं जवळ बोलावून घेत असूं. त्यांतले कांहीं खरोखर हुशार असत, आणि कांहींनीं शेजाऱ्याचें पाहिलेलें असे. उत्तरावरून हा भेद कळत नाहीं. यंत्र हें रीत न दाखविणारें मूल आहे. १० ते ३० मायक्रॉनांचे थेंब दाखवून त्याला शिकविलें आणि मग ५ मायक्रॉनांचा थेंब पुढें ठेवला, तर 'हा धडा मला शिकविला नाहीं' असें तें आपण होऊन म्हणत नाहीं. तें एक आंकडा सांगतें, आणि दशांश चिन्हापुढें चार घरें भरून सांगतें. तसेंच गणितांतले पट्टे स्वच्छ असतात, खऱ्या कॅमेऱ्यांतले मात्र धुळीनें व थरथरीनें मळलेले. म्हणून शिकवितांना स्वच्छ चित्रांत मुद्दाम मळ कालवावा लागतो, नाहीं तर परीक्षेच्या दिवशीं यंत्र गोंधळतें.

परीक्षेची गोष्ट तर अधिक नाजूक आहे. एकाच थेंबाचीं लागोपाठ घेतलेलीं दोन चित्रें जवळ जवळ सारखीं असतात. त्या थेंबाच्या हजार चित्रांपैकीं आठशें शिकविण्याकडे आणि दोनशें परीक्षेकडे अशीं सरमिसळ करून वाटलीं, तर परीक्षेंतील प्रत्येक चित्राचा सख्खा भाऊ यंत्रानें आधींच पाहिलेला असतो. मग गुण शंभरांपैकीं नव्याण्णव पडतात, आणि ते खोटे असतात. वर्गांत सोडविलेलींच गणितें परीक्षेंत घालणाऱ्या मास्तराचा निकाल नेहमींच उत्तम लागतो. आमच्या नोकरींत असे मास्तर आम्हीं पाहिले, आणि त्यांची बढतीही पाहिली. खरी परीक्षा घ्यावयाची तर कांहीं थेंब आरंभापासून शेवटपर्यंत समूळ बाजूला ठेवावे लागतात. आणि ह्याहूनही कडक परीक्षा मॅक्सवेलच्या नियमानें होते. यंत्राला वेळेचा पत्ता नसतो. तें प्रत्येक चित्र सुटें पाहतें. त्यानें सांगितलेल्या त्रिज्यांचे वर्ग घेऊन ते वेळेसमोर मांडावे. थेंब शुद्ध द्रवाचा असेल तर सरळ उतरती रेषा यावयास पाहिजे. रेषा आली, तर यंत्रानें न शिकविलेली गोष्ट बरोबर सांगितली. मध्येंच थेंब वाढलेला दिसला, तर कोठें तरी चुकलें.

आजोबांच्या दुसऱ्या शंकेला आमचें उत्तर हें आहे. आपली नात थेंब मोजत नाहीं हें खरें. ती धडे निवडते, परीक्षा काढते, आणि पेपर तपासते. कोणत्या त्रिज्यांचीं उदाहरणें द्यावयाचीं, मळ किती घालावयाचा, कोणते थेंब झांकून ठेवावयाचे, कोणत्या नियमाशीं उत्तर ताडावयाचें, हें यंत्राला सुचत नाहीं. आणि वेल्सच्या शंभराचे पांच झाले तेव्हां मोजणारे कमी पडले नव्हते. आंकडा कोणत्या प्रश्नाचा आहे हें विचारणारे कमी पडले होते. आपली नात तें विचारण्याचें काम करीत असेल तर तिला तेथें पुष्कळ काम आहे. हिला पगार किती, हा जो तिसरा प्रश्न पत्राच्या समासांत बारीक अक्षरांत लिहिला आहे, त्याचें उत्तर आम्ही देऊं शकत नाहीं.

एक गोष्ट सांगावयाची राहिली. मॅक्सवेलचा नियम शुद्ध द्रवाचा. परंतु औषधाचा, खोकल्याचा किंवा ढगाचा थेंब शुद्ध नसतो. त्यांत क्षार असतात, सूक्ष्म कण असतात. द्रव उडूं लागला कीं हे कण दाटीवाटीनें एकत्र येतात, आटणें मंदावतें, सरळ रेषा वांकते. थेंब एकजिनसी गोल राहत नाहीं, पट्टे तुटून त्यांच्या जागीं नुसते ठिपके दिसूं लागतात. तेथें मीचें गणितही पुरेसें पडत नाहीं आणि नियमाची परीक्षाही लागू पडत नाहीं. यंत्र मात्र आंकडे सांगतच असतें. अशा वेळीं शोधक दुसऱ्या साक्षीदाराकडे वळतात, आणि तो साक्षीदार मिलिकनचा आहे. थेंबाचें वजन पेलून धरण्यास लागणारा विजेचा दाब मोजावयाचा. भार तोच असेल तर दाब ज्या प्रमाणांत उतरला त्या प्रमाणांत वजन उतरलें. ह्या साक्षीदाराचीही एक खोड आहे. थेंब लहान होत गेला कीं त्याच्यावरील भार त्याला पेलवेनासा होतो, आणि रॅलेनें १८८२ मध्यें सांगितलेल्या मर्यादेपाशीं थेंब फुटून कांहीं भार बाहेर फेंकतो. तेवढ्या क्षणीं दाबाचा आंकडा एकदम उडी मारतो. ती उडी वगळून दोन्ही नोंदी, प्रकाशाची आणि वजनाची, एका कागदावर मांडतात, आणि जेथें त्या एकमेकींपासून फुटतात तेथून पुढचे यंत्राचे आंकडे बाजूला ठेवतात.